रॅम एअर इनटेक बसवायला येण्याआधी हे वाचा

‘गाडी पळाली की समोरची हवा आपोआप इंजिनात कोंबली जाते, पिकअप वाढतो’ असं ऐकून, मोबाईलवर फोटो दाखवत येणारे ग्राहक आमच्याकडे पुष्कळ. रॅम एअर इनटेक, म्हणजे समोरची हवा थेट इंजिनाच्या फिल्टरकडे नेणारा पाइप, बसवायचं काम आम्ही करतो. पण कशासाठी करतो हे आधी समजून घ्या, म्हणजे नंतर वाद नको.

हवा कोंबली जाते हे खरं, पण किती? नागपूरच्या उन्हाळी हवेत १०० च्या वेगाला समोरून येणारा दाब नळीतल्या पाण्याची पातळी जेमतेम ४ सेंटीमीटर उचलतो. वातावरणाचा दाब म्हणजे जवळजवळ १० मीटर पाणी. म्हणजे फायदा अर्ध्या टक्क्याच्याही आत. समृद्धीवर १२० ने गेलात तर ६ सेंटीमीटर, आणि वर्धा रोडच्या गर्दीत ५० ने चालताना १. वेग निम्मा झाला की दाब पाव होतो, त्यामुळे शहरात तर विषयच संपला.

खरी कमाई गारव्याची. सिग्नलला उभ्या गाडीच्या बोनेटखाली हवा ७० अंशांपर्यंत सहज तापते. बाहेर नवतपा असला, पारा ४५ वर असला, तरी ती बाहेरची हवा आतल्यापेक्षा सुमारे ८ टक्के घट्ट असते. घट्ट हवेत ऑक्सिजन जास्त. याचा फरक अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, ओव्हरटेक करताना जाणवतो. अ‍ॅव्हरेज वाढेल असं आम्ही कोणालाच सांगत नाही.

म्हणून आधी बोनेट उघडून फिल्टर बॉक्सचा पाइप कुठून हवा घेतो ते बघा. बऱ्याच गाड्यांत कंपनीनेच त्याचं तोंड ग्रिलमागे दिलेलं असतं. तसं असेल तर पैसे वाचवा, नवा फिल्टर टाका.

शंका असेल तर घरीच मोजता येतं. पारदर्शक नळी U आकारात मीटरभर उंच पट्टीवर बांधायची, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरायचं आणि एक टोक फिल्टरच्या आधीच्या पाइपात खोचायचं. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक शेजारी बसलेल्याला वाचू द्या. चालवणाऱ्याने नळीकडे बघायचं नाही! इंजिनाकडे पाणी फारसं ओढलं जात नसेल, तर तो पाइप बदलून हाती काही लागणार नाही.

बसवायचंच ठरलं तर आमची पद्धत अशी. कंपनीचा फिल्टर बॉक्स तसाच ठेवतो, बदल फक्त त्याच्या आधीच्या भागात. फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला जोड ढिला राहिला तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते, आणि एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत न मोजलेली हवा शिरून हवा-इंधनाचं मिश्रण बिघडतं. सिमेंट रोडची कामं चालू असलेल्या या शहरात धुळीचं वेगळं सांगायला नको. तेल लावलेले कापडी फिल्टर आम्ही टाळतो, कारण तेल जास्त झालं की सेन्सरवर चढतं.

पाइप मूळ पाइपाइतका तरी रुंद हवा, वळणं कमी आणि सैल. हार्डवेअरच्या दुकानातला नळकामाचा पीव्हीसी पाइप घेऊन येणारे असतात. तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, एक्झॉस्टजवळ तर लोंबतोच. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आणि मध्ये रबरी होजचा तुकडा चांगला, कारण इंजिन हलतं, बॉडी तेवढी हलत नाही. दोन्हीकडे जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी), तोंडाला जाळी. तोंड रेडिएटरच्या बाजूला घेतो, समोर कधीच नाही. मे महिन्यात रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरची हवा अडवून इंजिनाला गारवा द्यायचा, यात काय शहाणपण?

आता पाणी. खाली आणलेलं तोंड पावसाळ्यात घात करतं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन वस्त्यांत पाणी घुसलं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण एवढ्या पुराची गरज नसते, पुलाखाली साचलेलं पाणीही पुरतं. म्हणून पाइपाच्या सर्वांत खालच्या जागी ६ ते ८ मिलीमीटरचं छिद्र ठेवतो. ते फक्त शिंतोड्यांसाठी. बुडालेल्या तोंडाला त्याचा उपयोग नाही. मृग लागण्याआधी गाडी आणा, मूळ पाइप परत लावून देऊ. काढलेले सगळे भाग आम्ही पिशवीत घालून देतो, ते जपून ठेवा. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका, टो करून आणा.

बोनेट कापून वर स्कूप, म्हणजे हवा घेणारं उघडं तोंड, बसवण्याचं काम आम्ही घेत नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधनं आहेत. वॉरंटीतली गाडी असेल तर आधी शोरूमला विचारा. सीएनजी गाड्यांच्या इनटेकला आम्ही हात लावत नाही. टर्बो डिझेलवाल्यांनी इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणारा भाग) साफ करून घ्यावा. टर्बो स्वतःच हवा दाबतो, त्याच्यापुढे समोरच्या वाऱ्याची काय मातब्बरी?

गाडी सकाळी, इंजिन गार असताना आणा. सोबत आरसी आणि मागच्या सर्व्हिसिंगचं बिल. अर्धा दिवस धरून चाला.