कुठे उतरणार?

शिकागोजवळच्या होमवुड स्टेशनवर रोज सकाळी शहरात नोकरीला जाणारी माणसं गाडीची वाट बघत उभी असतात. शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ निकोलस एपली आणि जुलियाना श्रोडर यांनी त्यांच्यातल्या शंभरेक जणांना एक काम दिलं. काहींनी शेजारच्या अनोळखी माणसाशी गप्पा मारायच्या, काहींनी कुणाशीही न बोलता बसायचं आणि उरलेल्यांनी रोजच्यासारखाच प्रवास करायचा. उतरल्यावर प्रवास कसा झाला ते फॉर्मवर लिहायचं आणि पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकायचं.

दुसऱ्या काही प्रवाशांना त्यांनी नुसतंच विचारलं की, यातला कुठला प्रवास तुम्हाला आवडेल? शांत बसण्याचा, असं लोकांनी सांगितलं. अनोळखी माणसाशी बोलत जायचं म्हणजे सगळ्यात नकोसा प्रवास, असा त्यांचा अंदाज होता. पाकिटं उघडल्यावर मात्र उलटंच निघालं. गप्पा मारणाऱ्यांचा प्रवास सगळ्यांत छान झाला होता आणि गप्प बसलेल्यांचा सगळ्यांत कमी. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झालं. पुढे लंडनच्या प्रवाशांवर असाच प्रयोग झाला, तिथेही असंच दिसलं.

गप्पांनी बरं वाटतं, यात मला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते अंदाज चुकण्याचं. आपल्याला कशाने बरं वाटेल, हे आपल्यालाच नीट सांगता येत नाही? एपली आणि श्रोडर यांनी याचं कारणही शोधलं. शेजारचा माणूस आपल्याशी बोलायला तयार होईल का, या प्रश्नावर लोकांचा अंदाज होता की निम्मेसुद्धा होणार नाहीत. प्रत्यक्षात ज्यांनी बोलायला सुरुवात केली, त्यांच्यातल्या एकालाही समोरच्याने झिडकारलं नाही. म्हणजे डब्यातल्या प्रत्येकाला वाटतं, माझी हरकत नाही, पण याला नको असेल. म्हणून तो गप्प राहतो, आणि त्याचं गप्प राहणं बघून शेजारचाही गप्प राहतो. सगळा डबा असा एकमेकांच्या भिडेने मुका होतो.

बोलणं झाल्यावरही ही भीड पाठ सोडत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नुकतीच ओळख झालेल्या माणसांना विचारलं होतं, समोरच्याला तुम्ही कितपत आवडलात? बहुतेकांनी स्वतःला कमीच गुण दिले. प्रत्यक्षात समोरच्याला ते त्याहून जास्त आवडले होते.

मी डोंबिवलीहून बावीस वर्षं लोकलने नोकरीला गेले. लेडीज डब्यात आमचा ग्रुप होता. मांडीवर पेपर पसरून मेथी निवडणारी, सुनेचं बाळंतपण सांगणारी, दसऱ्याला डब्याला तोरण बांधणारी, अशा सगळ्या. त्यातल्या अर्ध्याजणींची आडनावंही मला ठाऊक नव्हती. तरी दोन दिवस दिसले नाही की तिसऱ्या दिवशी चौकशी व्हायची, "बरं नव्हतं का गं?" निवृत्त झाल्यावर पगारापेक्षा हा प्रश्न मला जास्त आठवला.

अशा अर्ध्यामुर्ध्या ओळखींचंही संशोधन झालं आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच दाखवून दिलं होतं की, नोकरीची बातमी अनेकदा जिवलग मित्राकडून येत नाही, जुजबी ओळखीच्या माणसाकडून येते. पुढे जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी काही जणांच्या हातात आकडा मोजणारी दोन छोटी यंत्रं दिली. एकावर जवळच्या माणसांशी झालेलं बोलणं मोजायचं, दुसऱ्यावर तोंडओळखीच्या माणसांशी झालेलं. विद्यार्थ्यांमध्ये असं दिसलं की, ज्या दिवशी दुसऱ्या यंत्राचा आकडा नेहमीपेक्षा वाढला, तो दिवस त्यांना जास्त सुखाचा गेला. कॉफीच्या दुकानात पैसे देताना हसून दोन शब्द बोललेली माणसंही, झटपट व्यवहार उरकणाऱ्यांपेक्षा खूश होऊन बाहेर पडली.

हे प्रयोग लहान आहेत आणि माणसांनी स्वतःच्या मनाबद्दल स्वतःच सांगितलेल्या गोष्टींवर उभे आहेत. पाच मिनिटांच्या गप्पांनी घरातलं मोठं दुःख हलकं होतं, असं कुणी म्हणत नाही. पण भाजी ॲपवरून मागवायला लागल्यापासून माझ्या दिवसातून काय गेलं, ते मला या प्रयोगांमुळे कळलं. "ताई, आज शेपू नका घेऊ, उद्या ताजा येईल," असं ॲप सांगत नाही. आता मी पुन्हा मंडईत जाते.

गेल्या आठवड्यात दादरला जायचं होतं. बऱ्याच महिन्यांनी गाडीत चढले. कोपऱ्यात एक मुलगी कानात इअरफोन घालून बसली होती. तिला नको असेल, असं वाटून मी मुलुंडपर्यंत गप्प उभी राहिले. मग लोकलमध्ये सगळे विचारतात तेच विचारलं, "कुठे उतरणार?"

"घाटकोपर. पण तुम्ही बसा ना, मी सरकते." चौथ्या सीटवर जागा करून देत तिने इअरफोन काढले आणि हातात गुंडाळले.

"गाणी ऐकत होतीस, उगाच त्रास दिला," मी म्हटलं.

"छे हो काकू, ठाण्यालाच फोनचं चार्जिंग संपलं. नुसतेच घालून बसले होते."