पार्श्वभूमी : इंग्रजी 'लाइट' एक, चिनी शब्द चार

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्याच्या शब्दयादीत 'लाइट' या विशेषणापुढे बहुधा आधी 'छिंग' येते, म्हणजे वजनाने हलका. अर्थ बरोबरच आहे. पण पुढच्या कितीतरी चुका याच जोडीतून निघतात, आणि त्याची कारणे दोन्ही भाषांच्या इतिहासात आहेत.

वजनाने हलका तो 'लाइट' आणि उजेड तो 'लाइट', मुळात हे दोन निरनिराळे शब्द. जुन्या इंग्रजीतच त्यांची रूपे एकसारखी झाली. आज स्पेलिंगमध्ये मुका राहिलेला 'जीएच' तेव्हा 'ख'सारखा उच्चारला जाई. जर्मनने फरक जपला : हलका तो 'लाइश्ट', उजेड तो 'लिश्ट'. संस्कृत 'लघु' हा वजनाच्या 'लाइट'चा भाऊबंद. उजेडाच्या 'लाइट'चे नाते 'रुच्', 'रोचन' यांच्याशी आहे.

चिनीत अशी सरमिसळ झालीच नाही. 'छिंग'च्या लिहिण्याच्या चिन्हात 'गाडी' या अर्थाचा भाग आहे, इ.स. १००च्या सुमारास शू शनने सिद्ध केलेल्या कोशात त्याचा अर्थ 'हलकी गाडी' असाच दिला आहे. 'छ्येन' म्हणजे उथळ आणि 'तान' म्हणजे सौम्य चवीचा. दोन्ही चिन्हांत 'पाणी' या अर्थाचा भाग आहे, आणि फिकट रंगाला दोन्ही चालतात. भरपूर उजेड असलेल्या घरातल्या खोलीला मात्र 'ल्यांग'.

आता चुका पाहा. 'तान' रंगालाही लागतो आणि चहालाही, अगदी आपल्या 'फिक्या'सारखा. म्हणून विद्यार्थी 'लाइट टी' लिहितो, जिथे इंग्रजीला 'वीक' हवे. 'छिंग' आवाजालाही लागतो, म्हणून 'स्पीक लाइटली'. इंग्रज तिथे 'सॉफ्टली' म्हणतो. (हलक्या आवाजात बोलणारा मराठी माणूसही इथे घसरू शकतो.) पावसाचे उलटे होते. चिनी हवामान खात्याच्या मोजणीत २४ तासांत १० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस म्हणजे 'श्याओ-यू', शब्दशः छोटा पाऊस. २५ ते ४९.९ मिलिमीटर म्हणजे 'ता-यू', मोठा पाऊस. त्यामुळे जिथे 'लाइट रेन' हवे तिथे वहीत 'स्मॉल रेन' उतरते. 'लाइट इंडस्ट्री'साठी 'छिंग-कुंग-ये' आणि 'लाइट रेल'साठी 'छिंग-क्वेई' हे शब्द रोजचे असल्याने 'लाइट' म्हणजे 'छिंग' हा समज आणखी पक्का होतो.

अर्थांची लांब यादी घोकण्यापेक्षा विरुद्धार्थी शब्द विचारणे जास्त उपयोगी पडते, कारण चिनी माणसाच्या जिभेवर अशा जोड्या तयारच असतात : छिंग-चुंग (हलके-जड), छ्येन-शन (फिकट-गडद), तान-नुंग (सौम्य-दाट), मिंग-आन (उजेड-अंधार; जोडीत 'ल्यांग'च्या जागी 'मिंग' येतो). वाक्यात 'लाइट'च्या जागी 'हेवी' घालून अर्थ लागला तर 'छिंग'. 'डार्क' बसला तर रंग किंवा उजेड. रंगाचे नाव लगेच पुढे असेल तर आधी 'छ्येन' धरावे. पण पावसासमोर 'हेवी' बसला तरी चिनीत 'श्याओ'च येतो, म्हणून 'लाइट रेन' हा जोडशब्द म्हणून वेगळा पाठ करावा.

जास्त घोटाळा होतो तो 'अ लाइट ब्लू बॉक्स' इथे. नेहमीच्या वाचनात ती फिकट निळी पेटी, म्हणजे 'छ्येन'. 'लाइट'नंतर स्वल्पविराम आला की हलकी, निळी पेटी होते, म्हणजे 'छिंग'. बोलताना हा फरक फक्त क्षणभराच्या थांबण्याने कळतो. म्हणून हे वाक्य वर्गात दोन्ही प्रकारे मोठ्याने वाचून घ्यावे, आणि ऐकणाऱ्यांनी प्रत्येक वेळी नेमके चिनी चिन्ह लिहावे.