बोटीला एआयएस ट्रान्सपॉन्डर बसवायचाय? आधी बोटीचे कागद काढा, डबा नंतर घ्या

सात रस्त्याजवळ माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, स्कॉलरशिप हे रोजचं काम, पण हल्ली बोटीचे कागद घेऊन येणारेही वाढलेत. सोलापूरला समुद्र नसला तरी उजनी धरणाचं पाणी आहे, तिथं पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवणारे आहेत, हौसेनं फायबर बोट घेतलेले आहेत, आणि काही जणांनी मुरूड नाहीतर मालवणकडं मित्रांबरोबर भागीत बोट ठेवलीय. येणाऱ्यांचं दुखणं जवळपास सारखंच असतं, ट्रान्सपॉन्डरचा डबा आधीच विकत घेतलेला, पैसे गेलेले, आणि अर्ज कुठंतरी अडकलेला किंवा परत आलेला. म्हणून हे लिहायला घेतलं.

एआयएस म्हणजे काय ते थोडक्यात. बोटीवरचा हा डबा जीपीएसवरनं आपली जागा, वेग, दिशा घेतो आणि बोटीच्या ओळखीसकट ती व्हीएचएफ रेडिओवर आपोआप पाठवत राहतो, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन चॅनेलवर. आजूबाजूच्या ज्या जहाजांकडं रिसीव्हर आहे त्यांच्या स्क्रीनवर तुम्ही दिसता. मोठ्या जहाजांवर असतो तो क्लास ए, १२.५ वॅटचा. हौशी बोटीसाठी क्लास बी, त्यात साधा २ वॅटचा आणि त्याहून चांगला ५ वॅटचा. साधा क्लास बी बोट २ नॉटच्या (ताशी साधारण पावणेचार किलोमीटरच्या) वर चालत असेल तर ३० सेकंदाला एकदा जागा सांगतो, थांबलेली असेल तर ३ मिनिटाला एकदा.

आता सक्ती कुणाला. जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय सोलास करारात ३०० ग्रॉस टनांवरची (हे जहाजाच्या आकाराचं माप) परदेशी जाणारी जहाजं आणि सगळी प्रवासी जहाजं येतात, त्यांची शेवटची मुदत ३१ डिसेंबर २००४ होती. ही तारीख कुणीतरी मोबाईलवर फॉरवर्ड करतं आणि लोक घाबरून विचारतात, आमची मुदत गेली का ओ? तुमची मुदत नव्हतीच. भारतात २० मीटरवरच्या मासेमारी बोटींना एआयएस लागतो, तोही समुद्रातल्या. तुमच्या आमच्या ६-७ मीटरच्या हौशी बोटीला हा डबा ऐच्छिक आहे, म्हणून दंड होईल असं सांगून कुणी विकत असेल तर त्याच्याकडनं घेऊ नका.

सगळ्यात जास्त गोंधळ फुकटच्या ट्रान्सपॉन्डरचा आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते एक योजना सुरू झाली, १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत १ लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायचे, मच्छीमाराला मोफत. बातमी खरी आहे. पण तो एआयएस नाही, तो इस्रोच्या उपग्रहावर चालणारा वेगळा डबा आहे, आणि तो समुद्रात मासेमारी करणाऱ्या यांत्रिक बोटींसाठी आहे. उजनीतल्या बोटीला तो मिळत नाही, हौशी बोटीला तर नाहीच. काही जणांना एजंटांनी सल्ला दिला की मासेमारी बोटींच्या रिअलक्राफ्ट पोर्टलवर मासेमारीची म्हणून नोंद करा, डबा फुकट येईल. असं अजिबात करू नका. खोट्या प्रकाराखाली एकदा नोंद झाली की पुढं खरी नोंदणी करताना तीच आडवी येते, आणि विमावाला क्लेमच्या वेळी तीच नोंद पुढं करतो.

पात्रता म्हणाल तर प्रश्न तुमचा नसतोच, बोटीचा असतो. बोट कुठल्या कायद्याखाली नोंदलीय? उजनीसारख्या जलाशयातल्या इंजिनाच्या बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ लागतो, तो जून २०२२ पासून लागू आहे आणि त्यानं १९१७ चा जुना कायदा गेला. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडं आहे. नावात सागरी बघून लोक म्हणतात आमचा काय संबंध, पण संबंध आहे. या नोंदणीवर देशातल्या कुठल्याही अंतर्देशीय पाण्यात बोट चालते, समुद्रात मात्र नाही. समुद्रातल्या बोटीची नोंदणी वेगळी. उजनीची नोंदणी दाखवून मालवणला बोट उतरवता येत नाही, आणि त्या जोरावर समुद्रातल्या बोटीच्या ट्रान्सपॉन्डरचे कागदही होत नाहीत. नुसत्या वल्ह्याच्या होडीचं स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पातळीवर असतं, तिला यातलं काही लागत नाही.

नोंदणीआधी सर्व्हे सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हेअरनं बोट तपासल्याचा दाखला लागतो, हा क्रम पक्का लक्षात ठेवा, आधी सर्व्हे मग नोंदणी. आधार, पॅन, फोटो, विमा हे सगळे आणतात, त्यात काही नाही. अडतं ते बांधणीच्या दाखल्यावर.

करमाळा तालुक्यातल्या केत्तूरकडचे एक मामा आले होते. प्लास्टिकच्या पिशवीतनं त्यांनी डायरीचं फाडलेलं पान काढलं, घडीवर फाटत आलेलं, त्यावर निळ्या पेनानं एवढंच लिहिलेलं, "बोट १ नग, पैसे पूर्ण मिळाले", खाली सही. ना लांबी, ना रुंदी, ना साल, ना पत्र्याची का फायबरची ते. मामा म्हणाले, "अहो हाच कागद हाय की, त्यानं स्वतः सही केलीय." खरं होतं ते. पण सर्व्हेअरला त्यावरनं काहीच कळत नाही, आणि मामांना कुणी आधी सांगितलंही नव्हतं. एका कार्यालयातनं त्यांचा अर्ज दोनदा परत आला आणि दोन्ही वेळा शेऱ्यात फक्त "कागदपत्रे अपूर्ण" एवढंच. कुठला कागद अपूर्ण हे लिहायला दोन शब्द जास्त लागले असते, पण त्या दोन शब्दांपायी माणसानं करमाळ्याकडनं पुन्हा पुन्हा चकरा मारल्या, याचा मला खरंच राग येतो.

तर बांधणीचा दाखला कसा घ्यायचा. ज्यानं बोट बांधली त्याच्याकडं जा, तो वेल्डिंगवाला असला तरी चालेल, त्याच्या लेटरहेडवर नाहीतर शिक्का-सही घेऊन लिहून घ्या की ही बोट मी अमुक साली अमुक माणसासाठी बांधली, लांबी, रुंदी, खोली, कशाची आहे, कुठलं इंजिन बसेल, आणि बोटीवर काही नंबर टाकलाय का. जमलं तर बोटीशेजारी टेप धरून फोटो काढा. आऊटबोर्ड इंजिन (बोटीच्या मागं बाहेरनं लावायचं) जुनं घेतलं असेल तर त्याची पावती आणि इंजिनावरचा नंबर जुळतोय का ते स्वतः वाकून बघा, कारण गंजलेल्या पट्टीवर ३ चा ८ वाचला जातो आणि मग पावती एका इंजिनाची आणि बोटीवर दुसरंच इंजिन असं दिसतं. बांधणारा हयात नसेल तर लगेच नोटरीकडं पळू नका, आधी सर्व्हेअरला विचारा की त्याऐवजी काय चालेल, नाहीतर नोटरीचे पैसे वाया जातात. असे गेलेले मी बघितलेत.

नोंदणी हातात आली की मग ट्रान्सपॉन्डरची गोष्ट. इथं दोन वेगळे कागद आहेत. एक रेडिओ वापरायचं लायसन, ते केंद्राच्या दूरसंचार विभागात रेडिओ लायसनचं काम बघणाऱ्या डब्ल्यूपीसी विंगचं, सरल संचार पोर्टलवर. एआयएस डबा स्वतः रेडिओ प्रसारण करतो, मोबाईलसारखा विना-लायसन वापरायचा नसतो. म्हणून बाहेरच्या वेबसाईटवरनं स्वस्तात मागवू नका, आयातीची परवानगी नसली की पार्सल कस्टममध्ये पडून राहतं. दुसरी गोष्ट एमएमएसआय नंबर, म्हणजे रेडिओवरची बोटीची ओळख, नऊ आकडी, भारतीय बोटीचा ४१९ नं सुरू होतो. हा बोटीच्या कागदांवर सरकारकडनं मिळतो, दुकानदार देत नाही. दुकानदार "मी टाकून देतो नंबर" म्हणाला तर हात जोडून बाहेर या.

कारण असं की बहुतेक क्लास बी डब्यांत हा नंबर मालकाला एकदाच टाकता येतो. चुकला तर डबा डीलर किंवा कंपनीकडनं रिसेट करून आणावा लागतो. होटगी रोडच्या एका पोरानं जुना डबा घेतला, टेरेसवर बॅटरीला जोडून चालू केला, लॅपटॉपवर बघतो तर दुसऱ्याच बोटीचं नाव, दुसरा नंबर. जुन्या मालकाची ओळख त्यात तशीच बसलेली. तो मालक त्याच वेळी समुद्रात असता तर एकच नंबर दोन ठिकाणी दिसला असता, आणि त्याला शोधायची वेळ आली असती तर शोधणाऱ्यांना काय समजलं असतं? पोरानं लगेच डबा बंद केला. जुना घ्यायचाच असेल तर रिसेट केल्याचं लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

नावाचंही बघा. एआयएसमध्ये बोटीचं नाव फक्त इंग्रजी मोठ्या अक्षरात आणि जास्तीत जास्त २० अक्षरं, त्यात मोकळी जागाही धरतात. आपल्याकडं बोटीचं नाव हमखास श्री सिद्धरामेश्वर कृपा असतं, ते इंग्रजीत मोकळ्या जागांसकट २६ अक्षरं होतं. डबा ते कापून टाकतो, मग नोंदणीवर एक नाव आणि स्क्रीनवर अर्धं. नोंदणी व्हायच्या आधीच २० मध्ये बसेल असं नाव आणि स्पेलिंग ठरवा आणि सर्व्हे, विमा, लायसन सगळीकडं तेच ठेवा. व्ही आणि डब्ल्यूच्या फरकावरनं परत आलेले अर्ज मी हातानं सरळ केलेत.

बसवणं सोपं आहे, अँटेना जितकी उंच तितकं बरं, जीपीएसला आकाश मोकळं दिसलं पाहिजे, बोटीच्या प्रकाराच्या कोडमध्ये प्लेझर क्राफ्टचा, म्हणजे हौशी बोटीचा ३७ टाकायचा, शिडाची असेल तर ३६.

आता उजनीवाल्यांना मनापासून एक सांगायचंय. एआयएस समोर ऐकणारा असेल तरच कामाचा. समुद्रात जहाजं ऐकतात, किनाऱ्यावरची स्टेशनं ऐकतात. उजनीत तुमच्या बाजूच्या बोटीकडं रिसीव्हरच नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सात जणांतले सहा गेले, एक जण पोहून काठाला लागला. त्यानंतर बरेच जण ट्रान्सपॉन्डर विचारायला आले, त्यांची काळजी मला कळते. पण त्या पाण्यात पहिलं काम लाईफ जॅकेटचं आहे, अंगात घातलेल्या, सीटखाली ठेवलेल्या नाही. मग किती माणसं घेऊन कधी निघालो ते काठावर कुणालातरी सांगून जायचं, वारा उठला की निघायचंच नाही, आणि ११२. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ मोबाईलमध्ये ठेवा. थेट उपग्रहावरनं मदत मागायची असेल तर ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटात सिग्नल पाठवणारा डबा येतो, तो एआयएसपेक्षा वेगळा, त्याचा १५ अक्षरी कोड बंगळुरूच्या इंडियन मिशन कंट्रोल सेंटरला नोंदवायला लागतो. नोंदवला नाही तर सिग्नल पोचतो पण बोट कुणाची ते कळायला वेळ जातो.

शेवटचं तारखांचं. नोंदणी झाली म्हणजे सगळं कायमचं झालं असं समजून लोक फाईल कपाटात ठेवतात. सर्व्हे सर्टिफिकेटची मुदत वेगळी, विम्याची वेगळी, रेडिओ लायसनची वेगळी. लोक सगळ्यात वरच्या कागदावरची तारीख बघतात आणि खालच्याची निघून गेलेली असते. मी प्रत्येकाच्या फाईलच्या आतल्या कव्हरवर तिन्ही तारखा स्केचपेननं लिहून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

मामांनी डबा अजून घेतलेला नाही, सर्व्हेची तारीख मिळायचीय. पण मागच्या आठवड्यात वेल्डिंगवाल्याचा दाखला घेऊन आले, लांबी इंचासकट लिहिलेली, खाली शिक्का, आणि या वेळी कागद प्लास्टिकच्या पिशवीत नाही, लॅमिनेशनपण केलेलं नाही, कारण मीच नको म्हटलं होतं, त्यावर अजून एक शिक्का मारायचा राहिलाय.