काढलेले परत बसवताना : नाकाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सुश्रुतापासून सांगायचा रिवाज आहे, आणि तो चुकीचाही नाही. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीतून नाक घडवण्याची कृती दिलेली आहे. कपाळाची कातडी खाली वळवून नाक करण्याची रीत युरोपला कळली ती पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेमुळे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने चित्रासह छापली. पण ही सगळी गेलेले नाक परत मिळवण्याची गोष्ट झाली. कावसजीला नाक हवे होते. ते चाफेकळी आहे का, हा प्रश्नच नव्हता. नाक जागेवर असताना ते बदलून घेतलेल्या आणि आता आरशात बघून हिरमुसणाऱ्या माणसाची गोष्ट पुढे शंभरेक वर्षांनी सुरू होते.

अमेरिकेत जॉन ऑर्लँडो रो यांनी १८८७ मध्ये नाकाच्या आतून, बाहेर व्रण न ठेवता शेंडा सुधारला. बर्लिनच्या जॅक जोसेफ यांनी १८९८ मध्ये एका तरुणाचे मोठे नाक लहान केले आणि त्यामुळे त्याच्या मनावरचे ओझे उतरले, असे डॉक्टरांच्या सभेत ठासून मांडले. जोसेफ यांच्या शिष्यांनी ही विद्या अमेरिकेत नेली. तिचे सूत्र एकच : काढणे. उंचवटा तासायचा, शेंड्याची कूर्चा (लवचिक, मऊ हाड) कापायची, हाडे मोडून आत आणायची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी हजारो नाके झाली, आणि त्यांतली बरीच एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसत.

इथेच मेख होती. नाक म्हणजे तंबू : वर कातडी, आत हाड आणि कूर्चेचे खांब. खांब तोडला की तंबू त्याच दिवशी बसत नाही. सूज उतरते, कातडी आकसते आणि दोष कधी कधी वर्षानुवर्षांनी उघडा पडतो. दांड्याचा उंचवटा फार तासला तर बाजूच्या कूर्चा आत कोसळतात, नाकावर उलट्या ‘व्ही’सारखी सावली पडते आणि श्वासही अडतो. शेंड्याची कूर्चा जास्त कापली तर शेंडा चिमटल्यासारखा होतो, नाकपुडीची कड वर ओढली जाते. पोकळी भरून काढायचे सोपे उपायही अंगाशी आले. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांच्यामुळे रूढ झालेली पॅराफिनची इंजेक्शने बसक्या नाकांत दिली गेली. ते पॅराफिन सरकले, गाठी झाल्या.

विचार उलटा फिरवण्याचे मोठे श्रेय कॅलिफोर्नियाच्या जॅक शीन यांचे. बिघडलेली नाके दुरुस्त करता करता त्यांना दिसले की पहिल्या वेळी काढलेलेच परत द्यावे लागते. १९८४ मध्ये त्यांनी नाकाचे दोन भाग करणारा मधला पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये कूर्चेच्या पट्ट्या बसवण्याची पद्धत मांडली. त्या ‘स्प्रेडर ग्राफ्ट’ आजही रोजच्या वापरात आहेत. त्याच सुमारास ‘ओपन’ पद्धत रुजत होती. हंगेरीचे ऑरेल रेथी, मग झाग्रेबचे शर्चर आणि पादोवान, आणि १९७० च्या दशकात टोरोंटोचे विल्फ्रेड गुडमन, असा तिचा प्रवास. दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर छोटा छेद घेऊन कातडी वर उचलायची. व्रण राहतो, सूज जास्त टिकते. पण दुसऱ्या शस्त्रक्रियेत आधीच्या हातांनी आत काय केले आहे ते डोळ्यांनी बघता येते, आणि मला वाटते की इथे हा फायदा तोट्यापेक्षा मोठा आहे.

राहिला प्रश्न सामानाचा. पहिली पसंती पडद्याच्या कूर्चेला, पण ती बहुधा आधीच खर्च झालेली असते. मग कानाची, नाहीतर बरगडीची. बरगडीची कूर्चा मुबलक, पण वाकडी होण्याची खोड तिला आहे. तुकडा दोन्ही बाजूंनी सारखा, मधल्या भागातून कोरावा, हे गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्ये दाखवले. २००० मध्ये तुर्कस्तानच्या एरोल यांनी कूर्चा बारीक चिरून विरघळणाऱ्या कापडात गुंडाळून भरली आणि तिला तिकडच्या मिठाईवरून ‘टर्किश डिलाइट’ म्हटले. पुढे कापडाऐवजी कानशिलावरच्या स्नायूचे आवरण आले.

पहिल्या शस्त्रक्रियेनंतर निदान वर्षभर थांबा, हा सल्ला याच अनुभवातून आला. शेंड्याची सूज सर्वांत शेवटी उतरते आणि जाड कातडीत आणखी वेळ घेते. कच्च्या व्रणात पुन्हा सुरी घातली तर आणखी व्रण. दुसरी खबरदारी मनाची. शरीरात नसलेले व्यंग सतत दिसत राहण्याचा आजार इटलीच्या एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ मध्येच वर्णिला होता, आणि त्यात शस्त्रक्रियेने समाधान सहसा मिळत नाही. म्हणून जाणता सर्जन आधी खटकते ते नेमके काय, श्वासाला अडथळा आहे का, हे विचारतो. मग मागतो ती पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधीची छायाचित्रे आणि तेव्हाची ऑपरेशन-नोंद : किती काढले, कुठून काढले आणि पडद्यात काही शिल्लक आहे का.