पत्रा, रेझिन आणि पंखा: घरच्या विमानबांधणीतल्या दुखापतींची पार्श्वभूमी

यंत्रमागाच्या शेडमध्ये वाढलेल्या सोलापूरकराला यंत्राचा धाक वेगळा शिकवावा लागत नाही. धोटा उडून डोळ्यावर बसतो, पट्ट्यात बाही ओढली जाते, खडखडाटाने ऐन चाळिशीत कान मंदावतात. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली तेव्हापासूनचे हे ज्ञान आहे. घरी विमान बांधायला घेणाऱ्याला मात्र ते अर्धेच पुरते. मागावरचा धोका दिसतो आणि ऐकू येतो. विमानाच्या कामातला बराचसा धोका ना दिसतो ना ऐकू येतो, आणि विमान कशाचे बनते त्यानुसार तो दर काळात बदलत आला आहे.

सुरुवातीची विमाने लाकूड आणि कापडाची. ब्राझीलचे सांतोस-द्युमाँ यांनी आपल्या ‘देम्वाझेल’ या चिमुकल्या विमानाचे आराखडे पेटंट न घेता खुले केले, हौशी बांधणीची परंपरा तिथपासून मोजायला हरकत नाही. कापड ताणून बसावे म्हणून त्यावर ‘डोप’ हा वार्निशसारखा लेप फासत. पहिल्या महायुद्धाच्या काळात या डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन हे द्रावक असे. ब्रिटनमधल्या विमान कारखान्यांत डोप लावणाऱ्या कामगारांना कावीळ होऊ लागली, काही दगावले, तेव्हा ते द्रावक मागे पडले. नायट्रेट डोपचे ज्वलनशीलपण मात्र राहिले. बंद खोलीत साचलेल्या वाफेला एक ठिणगी पुरे. लाकडाच्या काळातली दुसरी ठरलेली दुखापत गोल करवतीवरची. पंखाच्या फासळ्यांसाठी सहा-सहा मिलिमीटरच्या पट्ट्या कापाव्या लागतात. पट्टी पाते आणि गाइडच्या मध्ये अडकली की उलटी फेकली जाते आणि ढकलणारा हात पात्यावर जातो. शेवटची वीतभर पट्टी हाताने नव्हे, लाकडी ढकलकाठीनेच पुढे सरकवायची.

१९५३ साली अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही हौशी विमानबांधणाऱ्यांची संघटना स्थापन केली. अमेरिकेतल्या सरकारी नियमानुसार हौशी विमानाचे निम्म्याहून जास्त काम मालकाने स्वतः करायचे असते. नियम चांगलाच, पण त्याचा अर्थ असा की कारखान्यात सरावलेला कारागीर जी हजारो भोके पाडेल, ती इथे नवख्या हाताने पाडली जातात. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आरव्ही या विमानांच्या मालिकेपासून पत्र्याच्या किटचा, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचाचा, बोलबाला झाला. अशा विमानात दहा हजारांहून जास्त रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकायच्या खिळ्या, बसतात. प्रत्येक रिव्हेटला भोक, प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेला धातूचा कचका, काढायची आणि प्रत्येक कड कानसीने मारायची. न घासलेल्या पत्र्याची कड तळव्याला लागते तेव्हा दुखत नाही, रक्त पाहिल्यावरच कळते.

ड्रिल मशीनवरचा अपघात बारकाईने समजून घ्यायला हवा, कारण तो सगळ्यात सहज होतो. अर्धा-पाऊण मिलिमीटरचा पत्रा हाताने धरला आहे. ड्रिल वरून आत जाईपर्यंत सगळे ठीक. टोक खालून बाहेर पडते त्या क्षणी ड्रिलच्या कडा कापायच्या थांबतात आणि पत्र्याला आट्यासारख्या पकडतात. पत्रा ड्रिलवर वर चढतो आणि फिरू लागतो. आता तो चार धारदार कोपऱ्यांचा पंखा असतो आणि त्याच्या वाटेत पहिली बोटे येतात. म्हणून पत्र्याखाली लाकडाची फळी ठेवून दोन ठिकाणी क्लॅम्प लावायचे. मोठे भोक साध्या ड्रिलने पाडायचे नाही, पायऱ्यांचे ड्रिल वापरायचे. ड्रिल धरणाऱ्या फिरत्या चकजवळ हातमोजे घालायचे नाहीत: मोजा अडकला तर बोटही त्याच्याबरोबर जाते. पत्रा उचलताना मोजे हवेत, ड्रिल चालू करण्याआधी ते काढलेले हवेत. ही अदलाबदल कंटाळवाणी आहे आणि तीच चुकवली जाते.

बेंच ग्राइंडरच्या दगडावर अॅल्युमिनियम घासू नये. मऊ धातू दगडाच्या छिद्रांत भरतो, दगड तापतो आणि फुटू शकतो. रिव्हेट गनला सेट, म्हणजे रिव्हेटवर ठोका देणारा पुढचा तुकडा, धरून ठेवणारी स्प्रिंग लावल्याशिवाय हवेची नळी जोडू नये. स्प्रिंग नसेल तर ट्रिगर दाबताच सेट गोळीसारखा सुटतो. गनचा आवाज पत्र्याच्या पोकळ पेटीत घुमतो, तेव्हा गन धरणारा आणि आत रिव्हेटच्या मागे लोखंडी बार टेकवून बसलेला, दोघांनाही कानात बोळे हवेत.

१९७५ साली अमेरिकेतले विमान-रचनाकार बर्ट रुटान यांचे ‘व्हॅरी-ईझी’ हे विमान उडाले आणि फोम व काचतंतूंचे विमान घरगुती झाले. इथून दुखापत कातडीवरून आत शिरली. पॉलिस्टायरीन फोम तापलेल्या तारेने कापता येतो. तीच तार पॉलियुरेथेन फोमवर चालवली तर विषारी धूर निघतो. काचतंतूंना बांधून घट्ट होणारे चिकट रेझिन म्हणजे इपॉक्सी. ते हाताला लागत राहिले की एके दिवशी अॅलर्जी सुरू होते आणि ती सहसा आयुष्यभर जात नाही. नायट्राइलचे मोजे हवेत, आणि हात थिनरने किंवा अॅसिटोनने कधीच धुवायचे नाहीत, त्याने रेझिन कातडीत आणखी मुरते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात यात आणखी एक भर पडते. तापमान १० अंशांनी वाढले की इपॉक्सी गोठण्याचा वेळ साधारण निम्म्यावर येतो. २५ अंशांना ४० मिनिटे टिकणारे मिश्रण एप्रिल-मेच्या दुपारी ४० अंशांना पंधरा मिनिटेही टिकत नाही. मोठ्या डब्यात कालवलेले रेझिन स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागते, डबा वितळतो, हात भाजतो. थोडे थोडे कालवावे, पसरट ट्रेमध्ये ओतावे, काम पहाटे उरकावे.

टाक्या आणि बसच्या बॉडी बनवणाऱ्या फायबरवाल्यांकडून पॉलिएस्टर रेझिन आणले तर धोका वेगळा. त्याचा ‘हार्डनर’ म्हणजे एमईकेपी हे पेरॉक्साइड, आणि रेझिन लवकर गोठावे म्हणून घालायच्या कोबाल्टशी ते थेट मिसळले तर स्फोट होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट टाकून पूर्ण ढवळायचे, मगच हार्डनर, एक किलोला साधारण १० ते २० मिलिलिटर. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. दवाखाना गाठण्याआधी जागच्या जागी निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवायलाच हवा.

वेल्डिंगमधला फसवा प्रकार म्हणजे मुलामा. जीआय पाइप वेल्ड केल्यावर जस्ताच्या धुराने थंडी-ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. त्यावर दूध पिण्याची पद्धत फॅब्रिकेशनच्या दुकानांत सर्रास आहे, पण दुधाने फुप्फुसातला धूर निघत नाही. विमानाचे बोल्ट मात्र बऱ्याचदा कॅडमियमच्या मुलाम्याचे असतात. त्यांना ज्योत दिली तर त्या वेळी काहीच जाणवत नाही, काही तासांनी धाप लागते आणि ती जिवावर बेतू शकते. मुलाम्याच्या बोल्टला ज्योत नकोच.

कारखान्यातल्या माणसासाठी १९४८ चा कारखाने अधिनियम आला. डोळ्यांच्या संरक्षणाला त्यात कलम ३५ होते, यंत्राला कुंपण घालायला कलम २१. कामगार विमा योजनेचा कायदाही त्याच वर्षीचा. घराच्या गच्चीवर किंवा गाळ्यात स्वतःसाठी विमान बांधणारा अशा कायद्यांच्या बाहेर राहतो. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. ही नोंदणी विमानाची असते. गच्चीवर गॉगल घातला होता का, हे तपासायला कोणी येत नाही. म्हणून एकट्याने काम करताना निदान घरच्यांना तरी सांगून ठेवावे की मशीन चालू आहे, आणि तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची असते. बोट थेट बर्फावर ठेवले तर ते जोडण्याच्या लायकीचे राहत नाही.

सगळ्यात शेवटी इंजिन बसते आणि त्याबरोबर पंखा, म्हणजे प्रोपेलर. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. स्विच ‘बंद’ असणे म्हणजे त्याची तार बॉडीला जोडलेली असणे. ती तार तुटली किंवा अजून जोडायचीच राहिली असेल, तर मॅग्नेटो कायम चालूच असतो. अशा वेळी पंखा नुसता बाजूला सरकवला तरी इंजिन एक ठोका मारू शकते. पंख्याला हात लावण्याआधी प्रत्येक सिलिंडरचा निदान एक प्लग काढून ठेवावा, चाकांना अडणी लावावी आणि शेपूट खुंटीला बांधावी.