पीटर अ‍ॅशर

अ‍ॅशर, पीटर : (२२ जून १९४४ – ). ब्रिटिश गायक, गिटारवादक, रेकॉर्ड-निर्माते आणि कलावंतांचे मॅनेजर. ‘पीटर अँड गॉर्डन’ या जोडगोळीतला जाड काळ्या चष्म्याचा तांबूस केसांचा मुलगा म्हणून ते १९६४ मध्ये प्रसिद्धीस आले. पण त्यानंतरचे त्यांचे बहुतेक काम स्टुडिओतल्या काचेच्या पलीकडे बसून झाले. जेम्स टेलर आणि लिंडा रॉन्स्टॅट या अमेरिकन गायकांच्या सत्तरच्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकांमागे कान त्यांचे होते आणि हिशेबाची वहीही त्यांच्याकडेच होती.

जन्म लंडनचा. वडील रिचर्ड अ‍ॅशर हे नामवंत डॉक्टर. खोटी दुखणी सांगून इस्पितळात भरती होणाऱ्या रुग्णांच्या विकाराला १९५१ मध्ये ‘मुंचहाउसेन’ हे नाव त्यांनीच दिले. आई मार्गारेट ओबो हे फुंकून वाजवायचे वाद्य शिकवीत; बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन हे त्यांचे विद्यार्थी. धाकटी बहीण जेन पुढे अभिनेत्री झाली. लहानपणी पीटर यांनीही चित्रपटांत कामे केली होती.

विंपोल स्ट्रीटवरचे ५७ क्रमांकाचे हे घर रॉक संगीताच्या इतिहासात वेगळेच नोंदले गेले आहे. जेनचा मित्र या नात्याने बीटल्समधले पॉल मॅकार्टनी १९६३ च्या अखेरीस तिथे राहायला आले आणि सुमारे अडीच-तीन वर्षे राहिले. माळ्यावर त्यांची खोली पीटर यांच्या खोलीशेजारीच होती. तळघरात, जिथे मार्गारेटबाई शिकवण्या घेत, तिथल्या पियानोवर लेनन-मॅकार्टनी यांनी ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’ रचले. शेजारच्या खोलीचा फायदा पीटर यांनाही झाला. वेस्टमिन्स्टर शाळेतले मित्र गॉर्डन वॉलर यांच्याबरोबर त्यांना रेकॉर्ड काढायची संधी आली, तेव्हा बीटल्सने न घेतलेले एक अर्धवट गाणे त्यांनी मॅकार्टनी यांच्याकडे मागितले. मधले कडवे रचून व्हायचे होते. तगादा लावून तेही मिळवले. हे गाणे म्हणजे ‘अ वर्ल्ड विदाउट लव्ह’. एप्रिल १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये आणि जूनमध्ये अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेले. ब्रिटनमध्ये तर खुद्द बीटल्सच्या गाण्याला खाली ढकलून. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचे गाणे मात्र अ‍ॅशर-वॉलर यांनी स्वतः रचलेले होते. ते आज कुणाला आठवत नाही, आणि त्यात अन्यायही नाही. आपला हात रचनेपेक्षा निवडीत चालतो, हे अ‍ॅशर यांनी लवकर ओळखले असावे.

१९६५ च्या सुमारास जॉन डनबार आणि बॅरी माइल्स यांच्याबरोबर त्यांनी ‘इंडिका’ हे पुस्तकांचे दुकान आणि कलादालन काढले. नोव्हेंबर १९६६ मध्ये तिथेच जपानी कलावंत योको ओनो यांच्या प्रदर्शनात जॉन लेनन यांची त्यांच्याशी गाठ पडली. १९६८ मध्ये पीटर-गॉर्डन ही जोडी फुटली आणि बीटल्सच्या अ‍ॅपल या नव्या रेकॉर्ड कंपनीत नवे कलावंत शोधण्याच्या विभागाचे प्रमुखपद अ‍ॅशर यांच्याकडे आले. अमेरिकेच्या दौऱ्यात पीटर-गॉर्डनना साथ करणारे गिटारवादक डॅनी कॉर्चमार यांनी आपल्या एका मित्राला अ‍ॅशर यांचा फोन नंबर दिला होता. तो मित्र म्हणजे जेम्स टेलर. टेप ऐकून अ‍ॅशर यांनी त्यांना करारबद्ध केले आणि अल्बमही स्वतःच केला.

इथे एका शब्दाचा खुलासा करायला हवा. मराठीत ‘निर्माता’ म्हटले की पैसा घालणारा डोळ्यांपुढे येतो. रेकॉर्डचा निर्माता तसा नसतो. गाणी कोणती घ्यायची, वादक कोण, एकच गाणे अनेकदा ध्वनिमुद्रित केल्यावर त्यातला कुठला टेक ठेवायचा, आवाज किती पुढे आणायचा हे तो ठरवतो. आपल्याकडच्या संगीत संयोजकाचे आणि दिग्दर्शकाचे काम त्यात एकत्र येते. मॅनेजर हा त्याहून निराळा : करार, दौरे, तारखा आणि पैसा पाहणारा, कलावंताच्या मिळकतीतून ठरलेली टक्केवारी घेणारा. ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असणे जोखमीचे, कारण निर्मात्याशी वाजले तर गाऱ्हाणे न्यायचे मॅनेजरकडेच. अ‍ॅशर यांच्या बाबतीत हे बराच काळ निभावले.

अ‍ॅपलचा अल्बम फारसा चालला नाही. टेलर हेरॉइनच्या व्यसनावर उपचार घेत असल्याने प्रसिद्धीचे दौरे होईनात. शिवाय गाण्यांच्या मध्ये पेरलेल्या वाद्यवृंदाच्या तुकड्यांनी गिटार झाकोळून गेली होती. १९६९ मध्ये बीटल्सचे नवे व्यवस्थापक अ‍ॅलन क्लाइन यांनी अ‍ॅपलचा ताबा घेतल्यावर अ‍ॅशर बाहेर पडले आणि टेलर यांचे मॅनेजर म्हणून अमेरिकेत गेले. लॉस एंजेलिसला १९७० चा ‘स्वीट बेबी जेम्स’ करताना त्यांनी आधीची चूक पुरती सुधारली. टेलर यांची गिटार मधोमध, पियानोवर कॅरोल किंग, ड्रम्सवर रस कंकेल आणि भोवती मोकळी जागा. ‘फायर अँड रेन’ ऐकताना ड्रम्सवर काठ्यांऐवजी ब्रश फिरतात तेही कळते, कारण त्यांच्या वाटेत काही येत नाही. वादकांची नावे कव्हरवर ठळक छापण्याचा आग्रहही अ‍ॅशर यांनी धरला. पूर्वी साथीदार बहुधा निनावीच राहत. आता लेलँड स्क्लार, कंकेल, कॉर्चमार यांना श्रोते नावानिशी ओळखू लागले.

रॉन्स्टॅट यांची सूत्रे त्यांनी १९७३ मध्ये घेतली. ‘हार्ट लाइक अ व्हील’ (१९७४) मधले ‘यू आर नो गुड’ फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेत पहिले आले. त्यातले ड्रम्स, इलेक्ट्रिक पियानो आणि गिटारचे बरेचसे थर अँड्र्यू गोल्ड यांनी वाजवले आहेत. पुढे रॉन्स्टॅट यांनी नेल्सन रिडल यांच्या वाद्यवृंदासह जुनी प्रेमगीते (१९८३) आणि नंतर मारिआची ही मेक्सिकन लोकगीते (१९८७) गायचे ठरवले. रॉकचा बसलेला बाजार सोडून असल्या वाटेला जाऊ नये, असे कुठल्याही मॅनेजरने सांगितले असते. अ‍ॅशर यांनी दोन्ही अल्बम केले आणि दोन्ही खपले.

१९७७ आणि १९८९ मधल्या कामासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट निर्मात्याचे ग्रॅमी मिळाले. १९९५ पासून काही वर्षे ते सोनी कंपनीत उपाध्यक्ष होते. २०१५ मध्ये त्यांना सीबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. त्याआधी, २००५ मध्ये, एका अपघातग्रस्त सहकलावंताच्या मदतीसाठी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या कार्यक्रमात ते आणि वॉलर कित्येक वर्षांनी एकत्र उभे राहिले. जोडी पुन्हा जमली आणि जुलै २००९ मध्ये वॉलर यांचे निधन होईपर्यंत टिकली.