टाकीवरचं गेज आणि टाकीवरचा स्विच

सोसायटीच्या टाकीत पाणी किती आहे ते वॉचमन झाकण उघडून बघतो. टाकी भरली की ओरडणारी पेटी वेगळी. घरी या दोन गोष्टींत कोणाची गल्लत होत नाही. पेट्रोल-डिझेलच्या डेपोत मात्र सर्रास होते, कारण तिथे दोन्ही उपकरणं टाकीच्या छपरावर बसतात आणि दोन्हींचे अलार्म एकाच कंट्रोल रूममध्ये वाजतात.

लेव्हल गेज मोजतं. सर्व्हो प्रकारात बारीक तारेला टांगलेलं वजन द्रवाच्या पृष्ठभागाबरोबर वर-खाली होतं. रडार प्रकारात वरून सोडलेल्या लहरी परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची काढतात. स्क्रीनवर आकडा येतो आणि साठ्याचा सगळा हिशोब त्यावर चालतो. याच आकड्यावर हाय (वरची पातळी), हाय-हाय (त्याहून वरची) असे अलार्मही लावता येतात, आणि गोंधळ नेमका इथून सुरू होतो. असे अलार्म दोन लावा की चार, त्यांचा डोळा एकच. तार अडकली तर सगळे एकदम गप्प.

हाय लेव्हल स्विच काहीच मोजत नाही. वरच्या ठरावीक उंचीवर तो नुसता बसून असतो, आणि सगळं नीट चाललं असेल तर वर्षानुवर्षं कोरडाच राहतो. द्रव तिथवर पोचलाच तर तो गेजला न विचारता, स्वतःच्या वेगळ्या वायरिंगवरून अलार्म देतो आणि टाकीत येणारा माल बंद करतो. 'स्वतंत्र' हा शब्द त्याच्यामागे लावतात तो याचसाठी.

इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत 11 डिसेंबर 2005 च्या पहाटे ही दोन्ही उपकरणं एकाच टाकीवर निकामी होती. टाकी क्रमांक 912 मध्ये पाइपलाइनने पेट्रोल येत होतं. तीनच्या सुमारास गेज अडकलं. माल येतच होता, स्क्रीनवरचा आकडा मात्र हलेना. तेच गेज आधीच्या साडेतीन महिन्यांत 14 वेळा अडकलं होतं! वरचा स्विचही वाजला नाही. त्याची चाचणी घेण्याची पट्टी योग्य जागी धरून ठेवायला एक कुलूप लागायचं, आणि ते लावलेलंच नव्हतं. कुलूप म्हणजे कोणी छेडछाड करू नये म्हणूनची सोय, असाच समज होता. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल वाहून गेलं, त्याची वाफ पसरली आणि सहा वाजून एक मिनिटाने स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून 43 जखमींवर निभावलं. (2009 चं जयपूरच्या तेल डेपोतल्या आगीचं प्रकरण बरेच जण याच खात्यात टाकतात. तिथे टाकी भरून वाहिली नव्हती, पेट्रोल व्हॉल्व्हपाशी बाहेर आलं होतं.)

बन्सफील्डच्या तपासात आणखी एक सवय उघड झाली: टाकी भरत आली हे कळण्यासाठी अलार्म वाजायची वाट बघायची. मला सगळ्यात धोकादायक हीच वाटते. माल कुठे थांबवायचा ते गेजच्या आकड्यावरून आणि आधी केलेल्या हिशोबावरून ठरायला हवं. स्विच वाजला म्हणजे शिफ्टमध्ये काहीतरी चुकलं, आणि त्याची नोंद तशीच व्हायला हवी.

उंचीचा हिशोबही दोघांचा निराळा. 25 मीटर व्यासाच्या टाकीत तासाला 900 किलोलिटर माल येत असेल तर पातळी मिनिटाला साधारण 3 सेंटिमीटर चढते. व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायला पाच मिनिटं लागली तर 15 सेंटिमीटर तिथेच गेले. स्विचच्या वर एवढी जागा तरी मोकळी हवीच, शिवाय माणसाने जिना उतरून धावत जायचं असेल तर त्या वेळाचीही.

तपासणीही एकाची दुसऱ्याला चालत नाही. गेजचा आकडा डिप टेपने, म्हणजे टाकीत वरून सोडायच्या मोजपट्टीने, पडताळतात, तोही माल घेणं संपल्यावर साधारण अर्धा तास थांबून, म्हणजे आतला स्थिर विद्युतभार उतरतो. डिप कितीही अचूक जुळला तरी स्विच चालू आहे की नाही हे त्यातून कळत नाही. त्यासाठी स्विच मुद्दाम चालवून बघावा लागतो: कंट्रोल रूममध्ये अलार्म आला का, व्हॉल्व्ह खरोखर फिरला का. आणि खाली उतरण्याआधी पट्टी परत कामाच्या जागी आणून कुलूप लावलं का.